रोहित शोधला आणि रोहित शर्मा आला

वाचकांचे प्रश्न, ग्रंथपाल ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई नमस्कार. मी ऐरोलीतल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे, इंग्रजी माध्यम, आठवी ते बारावी. मॅनेजमेंट म्हणतंय मुलांसाठी एखादा ऑनलाइन रिसर्च डेटाबेस घ्या, यंदा बजेट आहे (पुढच्या वर्षीचं देव जाणे). तीन कंपन्यांचे डेमो झाले, तिन्ही चकाचक, आणि तिघंही लाखांतच बोलतात, इतके लाख लेख नि तितके हजार जर्नल्स. निवडायचं कशावरून हेच कळेना. मुख्याध्यापक म्हणतात तुम्हीच ठरवा.
– एक ग्रंथपाल, ऐरोली

उत्तर: तुमचं पत्र वाचून हसू आलं आणि जरा पोटात गोळाही आला. मी नोकरीत असताना असंच एक पॅकेज घेतलं होतं, नाव नको, पण सेल्समन इतका गोड बोलायचा की हेडसरांनी दुसऱ्या चहालाच सही करून टाकली. वर्षअखेरीला वापराचा रिपोर्ट मागवला तर जवळजवळ सगळा वापर माझ्याच लॉगिनवरून, तोही मुलांना दाखवायला म्हणून मीच उघडलेला. मग नववीतल्या एका मुलीला विचारलं, का गं वापरत नाही? तर म्हणाली, मॅडम तिथे शोधलं की एक तर शून्य येतं नाहीतर चार हजार. मी हे आधी विचारायला हवं होतं ना.

तेव्हा ते लाख नि हजार बाजूला ठेवा. शून्य रिझल्ट आल्यावर किंवा चार हजार आल्यावर चौदा वर्षांचं पोर काय करतं, डेटाबेस त्याला हात देतो की तसंच उभं ठेवतो, एवढंच बघायचं. आणि ते डेमोत कधीच दिसत नाही, कारण डेमोत शोधायचे शब्द कंपनीने आधीच घोटून ठेवलेले असतात.

तिघांकडेही महिनाभराची ट्रायल मागा आणि नीट मागितली तर देतात. मग आपल्या अंगणातला एखादा विषय घ्या ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहितीये. तुम्ही ऐरोलीत आहात म्हणजे खाडी समोरच, फ्लेमिंगो घ्या. पाचसहा मुलं बसवा, त्यातली दोन तरी अभ्यासात यथातथा असलेली, नाहीतर आपण नेहमी हुशारच बसवतो. सांगा की ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर एक पान लिहायचंय. आणि मग मागे खुर्ची टाकून गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड, मला अजून जमत नाही, लगेच हात माउसकडे जातो.

काय काय होतं बघा. कुणीतरी स्पेलिंग चुकवणारच, मॅन्ग्रोव्हचं तर हमखास चुकतं. चांगला डेटाबेस म्हणतो तुम्हाला हे म्हणायचंय का, वाईट म्हणतो शून्य. कुणी मराठीत 'रोहित' टाकेल कारण पुस्तकात रोहित पक्षी असं वाचलेलं, आणि गूगलवर असला तर रोहित शर्मा येईल, हे माझ्या डोळ्यादेखत झालंय, पोरं तासभर क्रिकेटमध्येच. मग 'अग्निपंख' हे फ्लेमिंगोचंच दुसरं नाव टाकून बघतील, मग इंग्रजीत. आता इथे डेटाबेसची खरी परीक्षा. फ्लेमिंगो एवढंच टाकल्यावर आफ्रिकेतले तलाव नि प्राणीसंग्रहालयं येणारच, पण बाजूला विषयांची यादी येते का, ज्यात लेसर फ्लेमिंगो वेगळा, ग्रेटर वेगळा, शास्त्रीय नावाने म्हणजे फिनिकोनायस मायनर असा शोध सुचवलाय, फक्त भारतातलं गाळून घेता येतं? ती यादी म्हणजे आपल्या कार्ड कॅटलॉगमधले विषयशीर्षकांचे कप्पेच की. ज्या डेटाबेसमध्ये ते कुणीतरी माणसाने डोकं लावून केलंय तिथे मूल चार हजारांवरून चाळीसवर आपलं आपण येतं.

दुसरं, ताजेपणा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं २०१५ ला, आणि २०२२ ला खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. तुमच्या ट्रायलवर 'ठाणे खाडी रामसर' शोधा. काहीच मिळत नसेल तर एक तर आपल्याकडचं साहित्य तिथे येतच नाही किंवा उशिरा येतं. कित्येक जर्नल्सना एम्बार्गो असतो, म्हणजे प्रकाशक म्हणतो वर्षभरानंतर दाखवा, आणि 'इतके हजार जर्नल्स' या आकड्यात तीही धरलेली असतात आणि नुसता सारांश असलेलीही. विचारा की फुल टेक्स्ट किती आणि कुठल्या सालापर्यंत, यादी एक्सेलमध्ये द्या. ही यादी मागितली की सेल्समनचा आवाज जरा उतरतो.

याच विषयात एक मस्त गंमत आहे, मुलांना जरूर द्या. एकीकडे क्षेत्रफळ सापडेल १६९० हेक्टर आणि दुसरीकडे ६५२१ हेक्टर. मुलं म्हणतात एक चूक आहे. दोन्ही बरोबर आहेत, पहिलं अभयारण्याचं, दुसरं रामसर क्षेत्राचं ज्यात अभयारण्याभोवतीचा इको सेन्सिटिव्ह झोनही धरलाय. आता बघा डेटाबेसमधला लेख हे आकडे कुठून आले ते सांगतो का, लेखक कोण, साल काय, मूळ कागदापर्यंत जाता येतं का. जे मूल इथे थांबून म्हणालं 'मॅडम हे कसलं क्षेत्रफळ?' त्याचं प्रोजेक्ट तिथेच अर्धं झालं.

वाचनपातळीचं बटण असतं ना, अमेरिकन डेटाबेसमध्ये लेक्साइल आकडा देतात, त्यावर फार जाऊ नका. गेल किंवा एब्सको या डेटाबेस कंपन्यांची शाळांसाठीची उत्पादनं तिकडच्या हायस्कूलसाठी केलेली आणि त्या कामाला चांगली आहेत, वाद असलेल्या विषयाच्या दोन्ही बाजू एकत्र ठेवणं, लेख वाचून दाखवणं, संदर्भ तयार करून देणं. पण लेक्साइल मोजतो वाक्याची लांबी आणि शब्द किती नेहमीचे आहेत ते. आपल्या पोराला छोट्या वाक्यातला अमेरिकन फुटबॉलचा दाखला अडतो आणि लांबलचक वाक्यातला मान्सून कळतो. त्यामुळे एक लेख मुलाला द्या आणि पाच मिनिटांनी मराठीत सांग म्हणा, आकडा बाजूलाच राहतो. मी तर म्हणेन हीच एक चाचणी करा बाकी काही नाही केलं तरी चालेल, बरं नाही, बाकीचंही करा.

पैशाचं पटकन सांगते. घरून मोबाइलवर चालतं का, की शाळेच्या नेटवरूनच, कारण मुलं अभ्यास रात्री साडेनऊनंतर करतात हे तुम्हालाही माहितीये. एकावेळी किती जण? पुढच्या वर्षी पैसे नाही भरले तर काही शिल्लक राहतं की सगळंच जातं? वापराचा रिपोर्ट काउंटर पद्धतीने देणार का (हा जगभर ठरलेला मोजायचा नमुना आहे, नाहीतर कंपनी पान उघडलं की त्यालाच वापर म्हणते)? आणि मुलांची माहिती किती घेतात. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा कायद्यात अठराच्या आतलं सगळे मूलच धरलेत आणि पालकांच्या संमतीचं कलम आहे, तेव्हा जो डेटाबेस वैयक्तिक ईमेल, जन्मतारीख, फोन मागितल्याशिवाय शोधूच देत नाही त्याला मी तर आधीच काट मारते.

आणि सही करायच्या आधी फुकटचं काय आहे ते बघा. नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया आहे, आयआयटी खरगपूरची, २०१८ ला देशाला समर्पित केलेली, इयत्तेप्रमाणे भाषेप्रमाणे गाळता येतं, पण ती मुळात एक मोठी सूची आहे, वस्तू मूळ ठिकाणीच असते, त्यामुळे काही पूर्ण उघडतं काही नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. पैसे द्यायचे ते याच्या पलीकडचं जे मिळणार असेल त्याचेच.

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे, वर्तकनगरला राहतो आम्ही. तो म्हणतो डेटाबेस बिटाबेस जुनं झालं, एआयला विचारलं की पुस्तकांच्या नावासकट सगळं देतो. मला काय उत्तर द्यावं कळत नाही.
– एक आई, ठाणे

उत्तर: उत्तर देऊच नका, त्यालाच कामाला लावा. एआयने दिलेल्या संदर्भांतले पाच घ्यायला सांगा आणि प्रत्येक नाव गूगल स्कॉलरवर (गूगलचाच, पण फक्त संशोधन लेख शोधायचा) किंवा ग्रंथालयाच्या सूचीत शोधायला सांगा. एखाददुसरा असा निघतो की लेखक खरा, जर्नल खरं, पण तो लेख कुणी लिहिलेलाच नाही. ही यंत्रं संदर्भ आठवत नाहीत, संदर्भासारखं दिसणारं वाक्य जुळवतात. एकदा स्वतः पकडलं की पुढे आईने बोलायची गरज राहत नाही.

मात्र तो सगळंच चूक बोलतोय असं नाही हं. शोधायला शब्द सुचवायला एआय फार चांगलं, 'कांदळवन' ला इंग्रजीत काय काय म्हणतात, विषयाचे पोटभाग कोणते, हे विचारावं आणि मग ते शब्द घेऊन डेटाबेसात जावं.

जुनं म्हणाल तर, मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे आणि मुलांना मी नेहमी देते, भाषा इतकी नेटकी की वाचून डोकं साफ होतं. पण पहिला खंड १९७६ चा! लोकसंख्या, मंत्री, देशांच्या सीमा यासाठी नाही वापरायचा, व्याख्या आणि इतिहासासाठी वापरायचा. नोंद कुठल्या खंडातली, खंड कुठल्या सालचा, हे बघायची सवय त्याला घरबसल्या फुकटात लागेल.

प्रश्न: मी अकरावीत आहे, नेरुळ. पर्यावरणाच्या प्रोजेक्टसाठी एक पेपर सापडला पण फक्त अॅबस्ट्रॅक्ट दिसतो आणि पुढे डॉलरमध्ये पैसे मागतात. माझ्या मैत्रिणीचं ठाण्याच्या रेल्वेवर आहे तिला तर काहीच सापडत नाहीये. प्लीज लवकर सांगा.

उत्तर: पैसे अजिबात भरू नकोस. तोच पेपर गूगल स्कॉलरवर टाक आणि खाली 'ऑल व्हर्जन्स' दाब, पुष्कळदा लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या साइटवर ठेवलेला असतो. ब्राउझरला अनपेवॉल नावाची जोडणी (एक्स्टेन्शन) लावून घे, फुकट आहे, कुठे कायदेशीर मोफत प्रत असेल तर कडेला हिरवं कुलूप उघडं दिसतं. पीएचडीचे प्रबंध शोधगंगावर प्रकरणवार पीडीएफमध्ये असतात, सगळा नको वाचू, सुरुवातीचं पूर्वसंशोधनाचं प्रकरण वाच, तिथे दहा पेपरचा आढावा आयता मिळतो. पक्ष्यांचं असेल तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) जर्नलचे जुने अंक आहेत. वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे जर्नल्सची सरकारने एकत्र भरलेली वर्गणी, ऐकलं असशील, ते सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे, शाळांसाठी नाही, पण ताई दादा कुणी सरकारी कॉलेजात असेल तर त्यांना त्यांच्या लायब्ररीत विचारायला सांग.

मैत्रिणीचं दुखणं वेगळं आहे, तिचं स्पेलिंग नवीन आहे आणि विषय जुना. पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली १६ एप्रिल १८५३ ला, तेव्हाचे लोक आत्ताचं स्पेलिंग थोडंच वापरत होते, १८८२ च्या गॅझेटियरवरच (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) 'ठाणा' असं आहे, त्याआधीच्या कागदांत 'टॅना' पण सापडतं. तिला सांग शेवटचं इंग्रजी अक्षर ई ऐवजी ए करून बघ, मग एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथसंजीवनी या ऑनलाइन संग्रहात आणि इंटरनेट आर्काइव्हवर तेच टाकून बघ. आणि सुट्टीच्या दिवशी दोघी जा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, १८९३ पासूनचं आहे, काउंटरवर 'रेल्वे' एवढंच म्हणू नका, कुठल्या सालातलं आणि कशासाठी ते सांगा.

एवढं करूनही पेपर नाही मिळाला तर लेखकाला ईमेल कर. पहिल्या पानावर पत्ता असतो. चारच ओळी: मी अकरावीत आहे, अमुक विषयावर प्रोजेक्ट आहे, तुमचा अमुक पेपर वाचायचाय, प्रत पाठवाल का. फोन नंबर, घरचा पत्ता लिहायचा नाही, आईला सीसी कर.