गाठ शिरेला चिकटली असेल तर आधी शेक (रेडिएशन) काहून देतात

भाऊ, बाबांचं वाचलं. कावीळ झाली, स्वादुपिंडाच्या डोक्यात कॅन्सरची गाठ निघाली, नागपूरचे डॉक्टर म्हणून राहिले की आधी केमो मग शेक अन् मग ऑपरेशन, आणि घरचे म्हणून राहिले की तोवर पसरली तर, आत्ताच काढून टाका. घरच्यांची भीती खोटी नाही, पण ऐकून घ्या.

आमच्या दादाच्या वेळेस आम्ही घाई केली होती. तूर विकून, वरून उसनवारी करून एका दवाखान्यात ऑपरेशनला घेतलं, तीन तासांनी सर्जन बाहेर येऊन म्हणाले गाठ रक्ताच्या नळीला चिकटली आहे, निघत नाही, उघडलेलं पोट तसंच शिवलं. टाके भरून अंगात ताकद येईपर्यंत दीड महिना केमो सुरूच करता आली नाही, आणि पुढच्या स्कॅनमध्ये लिव्हरवर डाग दिसले. पुढच्या पोळ्याला दादा नव्हता. तो दीड महिना मला अजून टोचते.

स्वादुपिंडाच्या अगदी मागून आतड्याची मोठी शीर अन् धमनी जाते. गाठ त्यांच्यापासून मोकळी असेल तर आधी ऑपरेशन करता येते. शिरेला टेकली असेल तरी चांगल्या हातांना शिरेचा तुकडा काढून जोडता येतो, पण धमनीला अर्ध्याहून जास्त वेढा असेल तर लय अवघड. गाठ निघाली तरी काठाला कॅन्सरच्या पेशी राहून गेल्या तर ती परत येते, म्हणून आधी औषध अन् शेक देऊन तो काठ मारतात. नेदरलँड्समध्ये २४६ पेशंटवर याची तुलना झाली, आधी केमो-शेक घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी २०.५ टक्के जिवंत होते, थेट ऑपरेशनवाल्यांत ६.५. आकडा लहानच आहे, आजारच तसा आहे, पण फरक तिपटीचा आहे.

तुम्ही विचारलं की शेक नंतर दिला तर नाही का चालत. व्हिपलचं ऑपरेशन म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनळी सगळं काढून नव्यानं जोडायचं, त्यानंतर माणूस इतका खंगते की पुढचा इलाज बऱ्याच जणांचा राहूनच जातो. मात्र शेक सगळ्यांनाच लागतो असंही नाही. अमेरिकेत अशाच चिकटलेल्या गाठींवर तगडी केमो देऊन वरून पाच दिवसांचा जोरकस शेक जोडून पाहिला तर जास्तीचा फायदा दिसला नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, आमच्या बाबांना शेक कशासाठी, काठ साफ व्हायला की दुसरं काही. सर्जन, केमोवाले अन् शेकवाले तिघांनी मिळून स्कॅन पाहिला का, हेही विचारा.

केमो-शेकानंतर स्कॅनमध्ये गाठ तेवढीच दिसली तर घाबरू नका. जिवंत गाठ अन् मेलेल्या गाठीचा चट्टा स्कॅनमध्ये सारखाच दिसतो, म्हणून सीए १९-९ (रक्तातला कॅन्सरचा आकडा) किती उतरलं तेही पाहतात. पण तो आकडा काविळीतही चढतो, म्हणून कावीळ उतरल्यावरचाच धरा.

शेक सोमवार ते शुक्रवार रोज असते, काही जणांना तीन आठवडे तर काहींना साडेपाच, त्यामुळे गावावरून येणं-जाणं जमत नाही, नागपूरला राहायची सोय आधीच पाहा. अंगावर काढलेल्या खुणा घासून पुसू नका. जनआरोग्य योजनेसाठी राशन कार्ड, आधार सोबत ठेवा अन् कशाकशाला मंजुरी आहे ते भरती व्हायच्या आधी योजनेच्या काउंटरवर विचारा. जेवणासोबत पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात का तेही विचारा, चिकट तेलकट संडास होत असेल तर लागतातच, नाहीतर खाल्लेलं अंगी लागत नाही.

अन् एक गोष्ट वयनीला, आईला, सगळ्यांना सांगून ठेवा. पित्तनळीत स्टेंट (पित्त वाहतं राहावं म्हणून बसवलेली बारीक नळी) असताना थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, गावातून गोळी आणून देऊ नका, स्टेंट बंद पडला असू शकते, त्याच रात्री गाडी करून दवाखान्यात न्या.