डिस्नेच्या डोपी चॅलेंजसाठी सरावातही चार दिवस सलग पळावं लागतं का?

नाही, दर आठवड्याला तर मुळीच नाही; पण दमलेल्या पायांनी पळायची सवय हवीच. फ्लोरिडातल्या या चॅलेंजमध्ये गुरुवार ते रविवार रोज एक शर्यत असते: 5, 10, 21 आणि 42 किमी, म्हणजे एकूण सुमारे 78 किमी होतात. म्हणून आमच्या गटात आम्ही एक वीकेंड आड शनिवारी 8-10 किमी आरामात आणि रविवारी लांब पल्ला ठेवतो. शेवटच्या दोन महिन्यांत एक-दोनदा चारही दिवस, कमी अंतराचे. खरा घाम झोप काढते: शर्यत पहाटे 5 ला, त्यामुळे 2-3 लाच उठायचं. मैलाला 16 मिनिटांचा वेग मात्र सांभाळा. मिकीसोबत फोटोच्या रांगेत रमलात, तर मागून फुगेवाल्या बाया गाठतात; त्या याच वेगाने सर्वांत शेवटी चालतात आणि त्यांच्या मागे पडलात, तर शर्यतीतून बाहेर काढलं जाऊ शकतं. आधी एकही हाफ मॅरेथॉन (21 किमी) झाली नसेल, तर यंदा नुसती हाफच धावा.