मोबाइल वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला?

प्रश्न: ताई, माझी मुलगी चौथीत आहे, ऐरोलीत साध्याच शाळेत जाते. तिला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, नजर हळूहळू कमी होत जाईल असं डॉक्टर म्हणालेत. सर्टिफिकेटवर 40 टक्के लिहिलंय. आत्ता पुस्तक नाकाला लावून वाचते, अर्ध्या तासात डोकं धरून बसते. शाळेत ब्रेलचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, अजून दिसतंय ना तिला, आणि आता मोबाइल सगळं वाचून दाखवतो. कायद्यात काही आहे का? – एक आई

उत्तर: मोबाइल वाचतो हे खरंय हो, मी स्वतः दिवसभर तेच ऐकते. पण ऐकून शुद्धलेखन येत नाही. 'दिन' आणि 'दीन' कानाला जवळजवळ सारखेच, ब्रेलमध्ये मात्र प्रत्येक अक्षर सहा उठावाच्या टिंबांतून बनतं, ऱ्हस्व इ म्हणजे टिंब 2-4 आणि दीर्घ ई म्हणजे टिंब 3-5, बोट ठेवलं की फरक कळतो. आणि गणित नुसतं ऐकून करून बघा एकदा!

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016. कलम 16 म्हणतं की अंध मुलांना त्यांना सगळ्यात योग्य अशा भाषेतून आणि माध्यमातून शिकवायचं. कलम 17 मध्ये ब्रेल येणारे शिक्षक नेमायचे आणि 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 18 वर्षांपर्यंत पुस्तकं, साधनं फुकट द्यायची, म्हणजे तुमची मुलगी त्यात बसते. गोम अशी की 'योग्य' काय ते कुणी ठरवायचं, तिथे शाळा हात वर करते. अमेरिकेत 1997 साली कायद्यात उलटं केलं, की अंध किंवा कमी दिसणाऱ्या मुलाला ब्रेल शिकवायचंच, नको असेल तर आधी तपासणी करून तसं ठरवायचं, आणि त्यात पुढे ब्रेल लागेल का तेही बघायचं. आपल्याकडे मागायचं काम आईबापावर.

म्हणून तोंडी बोलू नका. मुख्याध्यापकांना अर्ज द्या, डॉक्टरांचा कागद जोडा, 'नजर कमी होत जाणार' हे वाक्य त्यात हवंच, पोच घ्या. विशेष शिक्षक मागा. एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. काहीच हललं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. दरम्यान वाशीला महापालिकेच्या ईटीसी केंद्रात, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या शिक्षण-प्रशिक्षण केंद्रात, जाऊन या, ऐरोलीहून लांब नाही.

मोठ्या अक्षरांची पुस्तकं बंद करू नका हं, दोन्ही चालू दे. ब्रेलच्या पाटीवर कागद लावून उजवीकडून डावीकडे टिंबं टोचायची आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं, यात सुरुवातीला ती वैतागेल, कदाचित कागद फेकेल पण. तुम्हीही एक पाटी घेऊन शेजारी बसा. क म्हणजे टिंब 1-3, तिथून सुरू करा.