‘जीएसटी वेगळा’ छापलंत ना? मग माझा कूलरचा हिशेब बघा

मानेवाड्याच्या सोफावाल्या भाऊंची पोस्ट वाचली. पॅम्प्लेटवर 24,999, बिल 29,499, आणि गिऱ्हाईक दुकानात उभं राहून भांडलं. तुम्ही विचारलंय, खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी एक्स्ट्रा’ लिहिलं होतं, मग चूक कोणाची?

चूक तुमची. राग मानू नका, माझीही तीच होती.

माझं कूलरचं दुकान आहे. 2023 च्या उन्हाळ्यात पेपरात पॅम्प्लेट टाकलं : ‘फक्त 7,999’. आकडा तळहाताएवढा, आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत कर वेगळा. उमरेडकडचा एक माणूस भर दुपारी टेम्पो घेऊन आला. कूलर चढवला, दोरी बांधली, आठ हजार मोजून काउंटरवर ठेवले. मी बिल फाडलं 9,439 चं. तो म्हणाला, “काऊन भाऊ, पेपरात तं 7,999 लिहिलं हाय!” मी बोटानं ती खालची ओळ दाखवली. त्यानं पॅम्प्लेट डोळ्यापाशी नेलं, लांब धरलं, मग घडी करून खिशात घातलं आणि दोरी सोडायला लागला. दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. चौघंही ‘येतो नंतर’ म्हणून गेली.

2022 ची भ्रामक जाहिरातींची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती मी त्यानंतर वाचली. खालची सूचना मूळ दाव्याच्याच भाषेत हवी, त्याच फॉण्टात हवी, आणि वरचा फसवा दावा सावरायला ती वापरता येत नाही. माझं तिन्हीत नापास. पॅकबंद मालाच्या एमआरपीत तर सगळे कर धरलेलेच असतात, त्यावर रुपया चढवता येत नाही. एमआरपीवर सूट देऊन वरून व्हॅट (जीएसटीच्या आधीचा विक्रीवरचा कर) लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2017 मध्येच म्हटलंय. आपल्याकडे बनलेल्या सुट्या मालावर एमआरपी छापलेली नसते, तिथेच आपल्यासारखे फसतात.

पण मला खरा फटका यानंतर बसला. मी ठरवलं, आता 7,999 म्हणजे सगळं धरून 7,999. ठरवलं ते बरोबर, गणित चुकलं. डोक्यात तोच 1,440 चा आकडा बसला होता. तो 7,999 मधून वजा केला आणि हातानं लिहिलेल्या बिलांवर ‘मूळ 6,559, जीएसटी 1,440’ असं सीझनभर लिहीत राहिलो. अहो, भागायचं असतं! जीएसटी 18 टक्के, म्हणून 7,999 भागिले 1.18 म्हणजे 6,779, आणि कर 1,220. दर कूलरमागे 220 रुपये जास्तीचा कर मीच बिलावर लिहून दिला. आणि कर म्हणून जे घेतलं ते सरकारजमा करावंच लागतं. 140 कूलर गेले होते. 30,800 रुपये. भाचा बी.कॉम.ला आहे, त्यानं सहज एक बिल हातात घेतलं आणि विचारलं, “मामा, 6,559 चे 18 टक्के 1,440 कसे?”

दुरुस्तीसाठी एका कार्यालयात गेलो. पहिल्या टेबलावर ‘हे आमच्याकडे येत नाही’, दुसऱ्यावर ‘अर्ज द्या’, अर्ज दिला तर ‘हा नमुना नाही’. योग्य नमुना कुठला, ते चार फेऱ्यांत एकानंही सांगितलं नाही. पाचव्या फेरीला साहेब रजेवर. धंदा सोडून किती दिवस जायचं? पैशावर पाणी सोडलं. अजून तोंड कडू होतं.

मी वकील नाही, सीए नाही. तुमची बिलं तुमच्या सीएला दाखवाच. पण माझं मत विचाराल तर घरगुती गिऱ्हाइकाला एकच आकडा दाखवा, खिशातून जाणारा. उरलेली पॅम्प्लेटं रद्दीत घाला, वर स्टिकर चिकटवत बसू नका. ज्या धंदेवाल्यांना कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे दिलेला कर स्वतःच्या करातून वजा करता येतो, त्यांना मूळ किंमत आणि कर वेगळे लिहून कोटेशन द्या. ते लोक वेगळे, जाहिरातही वेगळी. फिटिंग, वाहतूक घेत असाल तर तेही आधीच सांगा. आमच्याकडे कूलरच्या बाजूला लावायच्या गवताच्या ताट्या बदलायचे पैसे मागाहून सांगितले की कूलरपेक्षा त्यावरच जास्त भांडण होतं.

आणि एक, तुम्ही पोस्टमध्ये लिहिलेलं नाही म्हणून विचारतो : तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, तर नाही ना? असाल तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही, मग ते 4,500 मागणंच चुकलं. गल्लीतले अर्धे दुकानदार हे करतात. म्हणून ते चालतं असं नाही.

त्या गिऱ्हाइकाला आजच फोन करा. सोफा 24,999 ला देतो म्हणा, आणि बिल लिहिताना 21,186 अधिक 3,813 असं लिहा. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार गेली की नोटिशीला उत्तर देण्यातच सीझन जातो. माझा उमरेडवाला मी फोन केल्यावर आला होता. कूलर नेला, पण आठ हजार देऊन वरचा एक रुपया मागून घेतला.