वाचकांचे प्रश्न : मामांच्या ट्रंकेतल्या फिगर

प्रश्न : माझे मामा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला होते. ते वारल्यानंतर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकी चित्रपटातल्या पात्रांच्या आठ छोट्या फिगर (प्लास्टिकच्या बाहुल्या) सापडल्या. त्यांत आर-टू-डी-टू हा गोल डोक्याचा यंत्रमानवही आहे. त्या अस्सल आहेत हे कसे ओळखावे? सगळ्यांवर धूळ बसली आहे, म्हणून साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्याला कळकळीची विनंती आहे, की अजून पाण्याला हात लावू नये. जुन्या आर-टू-डी-टूच्या अंगावरची निळी-पांढरी नक्षी रंगवलेली नसते. ती अंगाभोवती गुंडाळून चिकटवलेली पट्टी असते आणि पाण्यात ती कडेने सुटू लागते. माझ्याकडच्या एका आर-टू-डी-टूची पट्टी अशीच गेली. मी त्याला जेमतेम दहा मिनिटे पाण्यात ठेवले होते आणि ती हळहळ आजही गेलेली नाही. त्याचे रुपेरी डोकेही जोराने पुसू नये, कारण तो मुलामा अतिशय पातळ असतो. रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश फिरवला, तरी बरीचशी धूळ निघून जाते.

आता अस्सलपणाविषयी. चित्रपट मे 1977 मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा केनर या कंपनीची खेळणी तयारच नव्हती. त्या वर्षीच्या नाताळात कंपनीने पुठ्ठ्याचे रिकामे पाकीट विकले. त्यातले प्रमाणपत्र भरून पाठवणाऱ्या मुलांना 1978 च्या सुरुवातीला ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू अशा चार फिगर टपालाने मिळाल्या. त्याच वर्षी ही संख्या बारावर गेली आणि जुनी मालिका 1985 पर्यंत चालली. या फिगरींची उंची साधारण पावणेचार इंच धरतात, म्हणजे सुमारे साडेनऊ सेंटिमीटर. पात्राप्रमाणे ती कमीजास्त होते.

आपल्या फिगर उताण्या न धरता पालथ्या धरा आणि पायाच्या मागच्या बाजूवर तिरका उजेड पाडून भिंगातून पाहा. पहिल्या फळीतल्या फिगरींवर 1977 हा आकडा, ‘जी.एम.एफ.जी.आय.’ ही अक्षरे (केनरच्या मालक कंपनीच्या नावाची आद्याक्षरे) आणि बहुधा हाँगकाँगचे नाव बारीक उठावात दिसते. अनेकांची इथे फसगत होते, कारण तो आकडा हक्कनोंदणीचा असतो, फिगर घडवल्याचा नव्हे. त्याच साच्यातून पुढे कित्येक वर्षे माल निघाला. मामांच्या जहाजाच्या फेऱ्या ज्या काळातल्या असतील, त्यावरून वर्षाचा अंदाज अधिक चांगला बांधता येईल, म्हणून त्यांची जुनी कागदपत्रे असल्यास ती टाकू नयेत.

फिगर अस्सल निघाली, तरी हातातले हत्यार अस्सल असेलच असे नाही. ल्यूकच्या हातातून सरकून बाहेर येणाऱ्या प्रकाशतलवारीचे टोक काडीइतके बारीक असते आणि तेच आधी तुटते; म्हणून नव्या बनावटीच्या तलवारी आणि पिस्तुले बाजारात फार आहेत. ट्रंकेच्या तळाशी, टॉवेलाच्या घडीत, कोपऱ्यातल्या कचऱ्यात नीट शोधा. नखाएवढे काळे पिस्तूल सहज केरात जाते.

प्रश्न : गोव्यात अशा जुन्या फिगर शोधायच्या कुठे? परदेशातून मागवणे परवडत नाही.
— एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि हंगामातला हणजुण्याचा बुधवारचा बाजार जरूर धुंडाळावा, परंतु माझा खरा भरवसा घरांवर आहे. चवथीच्या आधी घरोघरी रंगरंगोटी होते, माळे रिकामे केले जातात आणि आखातातून किंवा जहाजावरून मुलांसाठी आणलेली खेळणी भंगारवाल्याच्या गोणीत जातात. त्या दिवसांत ओळखीच्या भंगारवाल्याला आधीच सांगून ठेवावे आणि मालाचा योग्य मोबदला द्यावा. मालकाला वस्तूची किंमत ठाऊक नसेल, तर ती सांगूनच सौदा करावा.

आपल्या मातीतलीही एक गोष्ट विसरू नये. फनस्कूल या भारतीय कंपनीचा कारखाना गोव्यात आहे. या कंपनीने हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी-कंपनीच्या साच्यांतून ‘जी. आय. जो’ या सैनिकांच्या मालिकेतल्या फिगर भारतात काढल्या. त्यांतल्या काहींचे रंग मूळ अमेरिकी फिगरींहून इतके निराळे आहेत, की परदेशातले संग्राहकही त्या शोधत असतात. या मालिकेवर पुढे 2009 मध्ये विज्ञानकथेच्या वळणाचा चित्रपटही आला. नवोदिताने इथून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घेताना कंबर हलवून पाहा : या फिगरींच्या पोटात एक रबरी रिंग असते, ती कुजली की पाय लोंबू लागतात. त्यामुळे घाबरून फिगर सोडू नये. पाठीवरचा स्क्रू काढून त्याच मापाची नवी रिंग बसवता येते.

परदेशी पार्सलाबाबत एवढेच सांगतो, की 2020 मध्ये खेळण्यांवरील आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेले होते आणि त्यानंतरही नियम बदलत राहिले आहेत. पैसे भरण्याआधी चालू दर पाहून घ्यावा.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या फिगर चिकट होतात. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या, तरी फरक पडत नाही.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : गोळ्या आजच काढून टाका, त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडते. चिकटपणा हा बहुधा मऊ पीव्हीसीत मिसळलेल्या तेलकट द्रव्याचा असतो. ते वर्षानुवर्षे हळूहळू पृष्ठभागावर येते आणि उष्णतेने हे काम वेगाने होते. चिकटवलेली पट्टी, कापड किंवा धातूचा भाग नसलेली फिगर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावी. मऊ केप (पाठीवरचा झगा) कडक प्लास्टिकला टेकवून ठेवू नये, डाग पडतो. फिगर बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात न ठेवता आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवाव्यात, सिलिका जेलच्या पुड्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत वरचेवर बदलाव्यात आणि पाऊस उघडल्यावर एकदा दारे उघडी टाकून हवा खेळू द्यावी, पण ऊन त्यांच्या अंगावर पडणार नाही एवढे पाहावे.