रात्री सराफ्यात (इंदूरची रात्रीची खाऊगल्ली) दाबून खाल्लं, सकाळी पायच उचलेनात, थायरॉईडमुळे असं होतं का?

होतं दादा, इथेच इंदूरला माझ्या मामेभावाला झालं, रात्री गराडू (तळलेला कंद), जलेबी, रबडी हाणली आणि पहाटे उठायला गेला तर मांड्यांत जीवच नाही, मामी तर लकवाच समजली. थायरॉईडचं हार्मोन रक्तात वाढलेलं असलं की रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ओढलं जातं, त्यात गोड खाऊन इन्शुलिन वाढलं की आणखीनच, मग स्नायू हलतच नाहीत. थायरॉईड म्हणजे बायकांचं दुखणं म्हणतात पण हे जास्त करून 20 ते 40 च्या पुरुषांनाच होतं. परत झालं तर नारळपाणी पीत घरी बसू नका, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, सरळ इमर्जन्सीत जाऊन ईसीजी, पोटॅशियम आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करा. भावाचं थायरॉईड आटोक्यात आल्यापासून एकदाही नाही झालं.