डब्यातली अळी जेवत नाहीये!

प्रश्न: माझी लेक सात वर्षांची आहे, उन्हाळी निसर्ग शिबिराला जाते. तिथून एक हिरवी अळी डब्यात घालून घरी आणलीय, आम्ही कोबीचं पान दिलं तर तोंडच लावत नाही. मरेल का हो? आणि असं काही घरी आणू द्यावं का?

उत्तर: अहो, बऱ्याच अळ्या ठराविक झाडांचीच पानं खातात, लिंबावरची अळी लिंबाच्याच कुळातली पानं खाणार, तिला कोबी काय कामाचा! कुठल्या झाडावर सापडली ते लेकीला विचारा आणि तीच पानं रोज ताजी द्या, डब्याला झाकणाऐवजी जाळीचं कापड बांधा. मोठी झालेली अळी खाणं सोडून नुसती फिरायला लागली तर घाबरू नका, कोष करायला जागा शोधत असते, आत एक काडी तिरकी ठेवा. केसाळ अळीला मात्र हात नाही, काहींच्या केसांनी जाम खाज सुटते.

झाड सापडलंच नाही तर जिथून आणली तिथेच सोडा. आणू द्यावं का? एखादी चालेल, शिबिरातल्या ताईंना विचारून. पण मला विचाराल तर भिंग घेऊन झाडावरच बघण्यात जास्त मजा, तिथे तिला खायला टपलेले कोळी, मुंग्या, पक्षी पण दिसतात. आणि हो, कोषातून पतंगही निघू शकतो, लेकीला आधीच सांगून ठेवा.